आजार खुराड्याचा

दिवेलागण झाली की कोंबड्यांना हाकावे लागत नाही. दिवसभर अंगणात, गोठ्यात, उकिरड्यावर चरलेल्या कोंबड्या आपापल्या पायांनी खुराड्याकडे वळतात. म्हणूनच एखाद्या संध्याकाळी त्या दाराशी घुटमळू लागल्या, आत ढकलले तरी बाहेर येऊ लागल्या किंवा सरळ बाभळीच्या फांदीवर जाऊन बसल्या, तर घरच्या बाईने ते मनावर घ्यावे. साप, मुंगूस, रानमांजर यांची शंका आधी येते आणि ती रास्तही असते. आत तसे काहीच नसेल तर बॅटरी घेऊन कोंबड्यांच्या बसायच्या दांडीची टोके, लाकडाचे जोड आणि भिंतीच्या भेगा बघाव्यात. तिथे राखाडी भुकटी साचलेली आणि तिच्यात लालसर ठिपके हलताना दिसले, तर कोंबड्यांनी घर का सोडले हे कळते. ते ठिपके म्हणजे रक्त पिऊन फुगलेले माइट.

बुलढाणा जिल्ह्याच्या 13 तालुक्यांत कोंबड्या नसलेले गाव शोधावे लागेल. घाटावर चिखली-मेहकरकडे असोत, घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे असोत किंवा जळगाव जामोद-संग्रामपूरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आदिवासी वाड्या असोत, चार-दहा कोंबड्या दारात असतातच. हे पालन बहुतेक बायकांच्या हाती असते. अंड्यांचे पैसे वही-पेनापासून दवाखान्यापर्यंत कशालाही उपयोगी पडतात आणि ते मागायला कोणाच्या तोंडाकडे बघावे लागत नाही. देशभरात या परसातल्या कोंबड्या झपाट्याने वाढत आहेत. 2019च्या पशुगणनेत देशातील एकूण कुक्कुटपक्षी 85 कोटींवर गेले. त्यांतले परसबागेतले सुमारे 31 कोटी 70 लाख होते आणि 2012च्या तुलनेत त्यांची संख्या जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढली होती. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी अशा सुधारित जाती गावागावांत पोचल्या. खुराडी मात्र बहुतांशी पूर्वीसारखीच राहिली: पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांचा कूड, वर शेणामातीचा लेप, कुठे जुन्या फळ्या, कुठे पडक्या भिंतीला टेकवलेले पत्रे. माइटला आवडते ते नेमके हेच, म्हणजे फट.

रात्री जेवायला, दिवसा लपायला

कपाशीवर किंवा भेंडीवर पडणारा लाल कोळी शेतकऱ्याच्या ओळखीचा असतो. कोंबडीचा लाल माइट त्याच कोळीवर्गातला असला, तरी तो पिकाचा रस शोषत नाही, पक्ष्याचे रक्त पितो. त्याचे शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. पूर्ण वाढलेला माइट जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. उपाशी असताना तो करडा-पांढुरका दिसतो आणि रक्त प्यायला की लाल होतो. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर जवळजवळ सापडतच नाही. अंधार पडला की फटीतून निघून दांडीवर चढतो, अर्धा-एक तास रक्त पितो आणि परत फटीत जातो. मीलन तिथेच होते, अंडी तिथेच घातली जातात, कातही तिथेच टाकली जाते. फटीत दिसणारी राखाडी भुकटी ही त्याची कात आणि विष्ठा असते.

अनुकूल हवेत अंड्यापासून पूर्ण माइट व्हायला फक्त आठवडाभर लागतो. मादी प्रत्येक वेळी रक्त प्यायल्यानंतर चार ते आठ अंडी घालते. अंड्यातून दोन-तीन दिवसांत सहा पायांची अळी निघते. ती काही खात नाही, पण त्यापुढच्या सगळ्या अवस्था आठ पायांच्या असतात आणि रक्तावर वाढतात. 25 ते 35 अंशांची ऊब आणि हवेत दमटपणा असला की हे चक्र सर्वांत वेगाने फिरते. मृगापासून दसऱ्यापर्यंत आपल्याकडे हवा अशीच असते. मे महिन्यात घाटाखाली पारा 44-45 अंशांकडे जातो तेव्हा या किड्याची दमछाक होते, कारण 45 अंशांच्या वरची उष्णता त्याला मारते. नॉर्वेत रिकामी पोल्ट्री शेड यंत्राने तापवून माइट मारतात ते याच गुणाचा फायदा घेऊन. पण जाड मातीच्या भिंतीत, बोटभर आतल्या भेगेत, बाहेरच्या उन्हाइतकी उष्णता पोचत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात त्रास कमी झाला तरी बीज मागे उरते आणि पहिल्या पावसानंतर ते पुन्हा वाढू लागते.

उपाशी राहण्याची त्याची ताकदही विलक्षण आहे. प्रयोगशाळेत 5 अंश तापमानाला हे माइट रक्ताच्या थेंबाशिवाय सुमारे नऊ महिने जगलेले आढळले. आपल्या उष्ण हवेत ते इतके टिकत नाहीत. तरीही जुन्या कोंबड्या विकून खुराडे महिनाभर रिकामे ठेवले की ते शुद्ध झाले, असे धरून चालता येत नाही.

खुडूक कोंबडीचे एकवीस दिवस

सर्वांत मोठा घाला पडतो तो खुडूक कोंबडीवर. इतर कोंबड्यांना माइट रात्रीच गाठू शकतो. खुडूक बसलेली कोंबडी मात्र रात्रंदिवस एका जागी, एकाच टोपलीत, उबदार कुटारावर बसून असते. दाणापाण्यासाठी उठते तीही थोडाच वेळ. अंडी उबायला 21 दिवस लागतात, माइटची एक पिढी सात दिवसांत तयार होते. म्हणजे पिल्ले बाहेर येईपर्यंत टोपलीत माइटच्या तीन पिढ्या होऊन गेलेल्या असू शकतात. शेवटच्या आठवड्यात कोंबडी अंडी सोडून उठते, तेव्हा घरात तिला बोल लावला जातो. प्रत्यक्षात तिला बसवत नसते. ती बसलीच तर नुकत्या फुटलेल्या पिल्लांच्या अंगात मुळात जेवढे रक्त असते, त्यातला मोठा वाटा पहिल्या काही रात्रींतच जातो.

मोठ्या कोंबडीतही जास्त प्रादुर्भाव झाला की एका रात्रीत तीन टक्क्यांहून अधिक रक्त जाऊ शकते, असे अभ्यासक सांगतात. तुरा आणि गलोल फिके पडतात, अंडी कमी होतात, कवचावर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, कोंबडी सुस्त होते, स्वतःची किंवा दुसरीची पिसे उपटते. काही कोंबड्या दगावतात. गावात कोंबडी मेली की पहिले बोट मानमोडीकडे जाते आणि मानमोडी म्हणजे राणीखेत खरोखरच जीवघेणा रोग आहे. पण राणीखेतमध्ये कळपच्या कळप थोड्या दिवसांत जातो. माइटमुळे होणारी झीज आठवड्यांमागून आठवडे चालते, म्हणून ती लक्षात येत नाही. शिवाय हा माइट साल्मोनेला जिवाणू आणि कोंबड्यांच्या देवीचा विषाणू एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतो.

माणसाच्या हाताला, मानेला तो चावतो आणि खाज सुटते, बारीक पुरळ येते. माणसाच्या अंगावर तो घर करत नाही. 2018मध्ये नागपुरात आणि विदर्भात इतरत्र स्क्रब टायफसची साथ आली, तेव्हा माइट हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकले. तो आजार पसरवणारे माइट गवताझुडपांत असतात आणि कोंबडीच्या माइटपेक्षा वेगळे आहेत. त्या भीतीने कोंबड्या काढून टाकायची गरज नाही.

शत्रू ओळखल्याशिवाय उपाय नको

कोंबडीच्या अंगावर किंवा घरात सापडणारे सगळे किडे एकाच स्वभावाचे नसतात. उपाय चुकतो तो बहुतेक वेळा इथे.

लाल माइटची राहण्याची जागा खुराडे. त्याचा एक चुलत भाऊ, उष्ण प्रदेशात आढळणारा ऑर्निथोनिसस, मुख्यतः कोंबडीच्या अंगावरच राहतो. गुदद्वाराभोवतीची पिसे काळपट, मळकी, चिकट दिसली की त्याची शंका घ्यावी. पिंजऱ्यातल्या मोठ्या लेयर फार्मवर या गटातले माइट अधिक त्रास देतात. तिसरा प्रकार पायांचा. तो खवल्यांच्या खाली शिरतो, त्यामुळे खवले उचलले जातात, त्यावर पांढरट खरबरीत पापुद्रे चढतात आणि पाय जाड दिसू लागतात. पुढे कोंबडी लंगडते, बोटे वाकडी होतात.

उवा हा वेगळाच प्राणी. त्या पिवळसर, चपट्या, सहा पायांच्या असतात, दिवसाही पिसांच्या मुळाशी पळताना दिसतात आणि लिखांचे पांढरे झुबके पिसाच्या देठाला चिकटलेले असतात. आणि शेवटची गोचीड. कोंबडीची गोचीड गुराढोरांच्या गोचिडीसारखी अंगाला कायम लटकत नाही. मोठी गोचीड माइटसारखीच दिवसा भिंतीच्या भेगांत दडते, चपटी असते आणि डोळ्यांना सहज दिसते. तिची पिल्ले मात्र पाच ते दहा दिवस पंखाखाली चिकटून राहतात. ही गोचीड कोंबड्यांत स्पायरोकिटोसिस नावाचा तापाचा आजार पसरवते आणि न खाता वर्षानुवर्षे जगू शकते. खुराड्याच्या भेगा बुजवल्या तर माइट आणि गोचीड या दोघांनाही आळा बसतो.

तपासणी सोपी आहे. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या बाजूवर उजेड टाकावा, कारण माइट त्या वेळी वाटेवर असतात. दांडीवरून पांढरा कागद घासून बघावा; लाल रेघ उमटली तर निदान झाले. पन्हाळी पुठ्ठ्याची, म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्याची, छोटी गुंडाळी करून दांडीच्या टोकाजवळ बांधावी आणि दोन दिवसांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उलगडावी. माइटला लपायला अशी जागा फार आवडते, त्यामुळे किती आहेत याचा अंदाज येतो. ही गुंडाळी जाळून टाकली की तेवढे माइटही जातात.

या पुठ्ठ्याच्या सापळ्यावर स्वीडनमधल्या संशोधकांनी 2005मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी पुठ्ठ्यात कडुनिंबाचे तेल जिरवले आणि सापळे शेडमध्ये ठेवून ठरावीक दिवसांनी बदलले. माइटची संख्या 92 टक्क्यांनी घटली. कडुनिंबाचा पाला खुडूक कोंबडीच्या टोपलीत घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. नुसत्या पाल्याने सगळे माइट मरतील अशी आशा धरू नये, पण निंबोळी तेल लावलेला पुठ्ठा दांडीला बांधून बघणे कोणालाही परवडणारे आहे.

तीन फेऱ्यांची सफाई

माइटचे नऊ दशांश जग खुराड्यात असेल तर उपचारही तिथूनच सुरू व्हायला हवा. कोंबडीला पावडर लावली आणि खुराडे तसेच ठेवले, तर त्याच रात्री नवे माइट वर चढतात.

सफाईसाठी कडक उन्हाचा दिवस निवडावा. कोंबड्या बाहेर सोडल्या की टोपल्या, दांड्या, फळ्या, जे सुटे होते ते सगळे बाहेर काढावे. अंथरलेले कुटार घरापासून दूर नेऊन जाळावे. उकिरड्यावर फेकले तर माइट कोंबड्यांबरोबर परत येतात. दांड्या आणि फळ्यांवर उकळते पाणी ओतून त्या दिवसभर उन्हात तापत ठेवाव्यात. भिंतींच्या भेगांतही उकळते पाणी सोडावे. भिंत वाळली की भेगा मातीने किंवा सिमेंटने बुजवून वरून कळीच्या चुन्याचा दाट हात द्यावा. चुना बारीक फटी भरून काढतो आणि पांढऱ्या भिंतीवर पुढे माइट आले तर लगेच दिसतात. शेणामातीचे सारवण वाळून तडकते. म्हणून खुराड्याच्या आतून नुसते सारवून थांबू नये, तडे दिसले की पुन्हा लिंपावे.

एवढे करूनही काही अंडी वाचतात. त्यातून आठवडाभरात नवी पिढी तयार होते, म्हणून पाच ते सात दिवसांनी दुसरी फेरी आणि आणखी तितक्याच दिवसांनी तिसरी फेरी करावीच लागते. पहिल्या सफाईनंतर कोंबड्या शांत झोपू लागतात, घरचे निर्धास्त होतात आणि पुढच्या फेऱ्या राहून जातात. महिन्याभराने पुन्हा सगळे जसेच्या तसे दिसते ते यामुळे.

नवे खुराडे बांधताना दांडी भिंतीत रोवण्याऐवजी चार पायांच्या स्वतंत्र घोडीवर ठेवावी आणि पायांखाली जुन्या तेलाच्या वाट्या ठेवाव्यात. धान्याच्या कणगीखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतात तसाच हा बंदोबस्त. मात्र घोडी आणि त्यावर बसलेली कोंबडी भिंतीला टेकता कामा नये. दांडी गुळगुळीत, सालीविना असावी. लोखंडी पाइप चालतो, पण थंडीत त्यावर गोणपाट गुंडाळले तर त्या घड्याच माइटचे घर होतात. खुडूक कोंबडीला बसवताना टोपली दरवेळी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेली आणि कुटार नवे असावे. दहाव्या-बाराव्या दिवशी कोंबडी दाण्याला उठली की कुटार बदलून टाकावे.

माइट येतात कुठून, हेही पाहायला हवे. आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी, उसनी आणलेली टोपली, पिल्लांच्या गाडीतले क्रेट आणि छपरात घरटी केलेल्या चिमण्या-पारवे या त्यांच्या नेहमीच्या वाटा. नवी कोंबडी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवली, तर पायाचे माइट, उवा आणि इतर आजारही त्या काळात दिसून येतात.

धुळीची अंघोळ

कोंबडी स्वतःही काही गप्प बसत नाही. चुलीच्या राखेत, सुक्या मातीत लोळणे हा तिचा रोजचा उपचार असतो. चोचीने पिसे साफ करणे हा दुसरा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी या दोन्ही गोष्टी मोजून पाहिल्या. चोच न छाटलेल्या कोंबड्यांच्या अंगावर माइट खूपच कमी आढळले. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी धुळीच्या पेट्या ठेवल्या. बारीक खनिज भुकटीने पेटी वापरणाऱ्या कोंबड्यांवरचे माइट आणि उवा मोठ्या प्रमाणात घटल्या. गंधकाच्या भुकटीने तर पेटीत न लोळणाऱ्या कोंबड्यांनाही फायदा झाला. परसातली कोंबडी पूर्ण चोचीची आणि मोकळी असते, म्हणजे निम्मे साधन तिच्याकडे आधीच आहे. पावसाळ्यात अंगण ओले होते आणि लोळायला जागा उरत नाही. तेव्हा छपराखाली दोन फूट लांब-रुंद खोके चाळलेली माती आणि थंड राख भरून ठेवावे. गंधक मिसळायचे असेल तर प्रमाण पशुवैद्यकाला विचारून घ्यावे आणि मिसळताना नाक-तोंड बांधावे.

पायाच्या माइटसाठी कोमट साबणपाण्यात पाय भिजवून मऊ ब्रशने पापुद्रे हलके काढावेत, पाय कोरडे करून व्हॅसलिन किंवा तेलाचा जाड थर द्यावा. तेलाने माइटचा श्वास कोंडतो. काही आठवडे हे करत राहावे लागते. पापुद्रे ओरबाडू नयेत आणि रॉकेल लावू नये. त्याने कातडी भाजते.

फवारणीचा पंप खुराड्यापासून दूर

कापसाच्या पट्ट्यात घरोघरी कीटकनाशकाची बाटली असते. भिंतीत किडे दिसले की हात तिच्याकडे जातो आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

अशाने काय होते याचे मोठे उदाहरण 2017च्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या पोल्ट्री फार्मवर घडले. लाल माइटवर वनस्पतिजन्य म्हणून विकल्या गेलेल्या औषधात फिप्रोनिल मिसळलेले निघाले. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर ते वापरायला युरोपात बंदी आहे. हे रसायन चरबीत विरघळते, त्यामुळे कोंबडीच्या अंगात आणि अंड्याच्या बलकात आठवडेच्या आठवडे राहते. लाखो अंडी नष्ट करावी लागली, अनेक देशांतल्या दुकानांतून अंडी उचलली गेली आणि कित्येक फार्म बंद ठेवावे लागले.

त्याच वर्षी पावसाळा सरताना यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती आणि यवतमाळ या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री 60 दिवस थांबवली. त्यांतल्या एकात फिप्रोनिल होते. शेतात पूर्ण कपडे घालून, वारा पाहून मारायचे औषध दोन फूट उंचीच्या बंद खुराड्यात मारले, तर कोंबड्या ते रात्रभर श्वासात घेतात. दुसऱ्या दिवशी अंडे गोळा करायला लेकरू हात आत घालते आणि ते अंडे त्याच्याच ताटात येते.

गुरांसाठी आणलेल्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचे थेंब अंदाजाने कोंबडीला देणे हीसुद्धा तशीच चूक आहे. त्याचा अंश अंड्यात उतरतो. कोंबड्यांसाठी तपासलेली औषधे आहेत आणि ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरता येतात. त्यांच्या वापराची रीतही माइटच्या जीवनचक्रावरच बेतलेली असते. फ्लुरालॅनर या पाण्यातून द्यायच्या औषधाला युरोपीय संघाने 2017मध्ये मान्यता दिली. त्याचे दोन डोस सात दिवसांच्या अंतराने द्यायचे असतात, म्हणजे पहिल्या डोसच्या वेळी अंड्यात असलेली पिढी दुसऱ्या डोसला सापडते.

सल्ल्यासाठी फार लांब जावे लागत नाही. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलावता येते, बुलढाणा आणि जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत आणि शेजारी अकोल्यात पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जाताना पुठ्ठ्याच्या गुंडाळीतले किडे बंद पिशवीत सोबत न्यावेत, म्हणजे माइट, ऊ की गोचीड हे तिथेच ठरते. औषध लिहून मिळाले की तीन प्रश्न विचारून घ्यावेत: ते कोंबडीवर वापरायचे की खुराड्यात, दुसऱ्यांदा किती दिवसांनी आणि त्यानंतर किती दिवस अंडी व मांस खायचे किंवा विकायचे नाही. खुराड्याची मुख्य सफाई अक्षय तृतीयेनंतर, मृग लागण्याआधी उरकली आणि श्रावणात व दसऱ्याच्या आवराआवरीत खुराड्याकडे पुन्हा एकदा पाहिले, तर त्या औषधाची पाळी बहुतेक घरांत येणारच नाही.